शत्रू नसतानाही जवान जातो तेव्हा

२२ मे २०२५ रोजी सकाळी अकराच्या सुमारास लष्कराच्या सिक्कीम स्काउट्स या पलटणीची एक तुकडी उत्तर सिक्कीममध्ये पुढच्या तळाच्या वाटेवर होती. वाटेत डोंगरी ओढ्यावर ओंडक्यांचा पूल लागला. तो ओलांडताना एका अग्निवीराचा पाय घसरला आणि पाण्याने त्याला ओढून नेलं. तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट शशांक तिवारी यांनी मागचापुढचा विचार न करता उडी घेतली. पाठोपाठ नाईक हुद्द्याच्या एका जवानानेही घेतली. दोघांनी मिळून त्या पोराला धरलं आणि तो वाचला. तिवारी मात्र प्रवाहात सापडले. अर्ध्या तासाने त्यांचा मृतदेह ८०० मीटर खाली मिळाला. वय २३ वर्षं. अंगावर अधिकाऱ्याचा गणवेश चढून सहा महिनेही झाले नव्हते. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनी त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र जाहीर झालं.

डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत प्रत्येक भावी अधिकाऱ्याच्या मनावर एक क्रम बिंबवला जातो: आधी देश, मग हाताखालची माणसं आणि सगळ्यांत शेवटी आपण स्वतः, नेहमी, प्रत्येक वेळी. संचलनाच्या मैदानावर असा क्रम घोकणं सोपं असतं. बर्फ वितळून आलेल्या पाण्यात, विचाराला क्षणाचीही सवड नसताना, तो क्रम आपोआप पाळला जातो तेव्हा ती शिकवण रक्तात उतरलेली असते. वाचवायचा होता तो नवखा अग्निवीर आणि उडी मारणारा त्याचा अधिकारी होता, हा भाग मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे हुद्दा वाढला की जीव अधिक किमती होतो, असं समाजात जवळपास सगळीकडे दिसतं. त्या ओढ्यावर उलटं घडलं.

काही जण यात हिशेब मांडतात. एक वाचला, एक गेला, म्हणजे हाती काय आलं? शिवाय अधिकारी घडवायला कितीतरी वर्षं आणि पैसा लागतो, त्याने थांबून दोर टाकायला हवा होता, असंही म्हणतात. हा हिशेब चुकीचा आहे. पलटण ज्या भरवशावर उभी असते तो त्यात धरलेलाच नाही. मी घसरलो तर माझा साहेब मला सोडणार नाही, एवढ्या एका खात्रीवर माणसं रात्री बर्फात गस्तीला निघतात. ती खात्री भाषणांनी तयार होत नाही. कधीतरी कुणीतरी ती आपल्या जिवाने खरी करून दाखवलेली असते, म्हणून पुढची वीस वर्षं त्या पलटणीतला प्रत्येक शिपाई तिच्यावर विसंबतो. तिवारींच्या उडीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

मला बोलायचं आहे ते त्या उडीच्या आधीच्या क्षणांबद्दल.

युद्धात जवान गेला तर त्याला कुणी मारलं याचं उत्तर तयार असतं. पलीकडे शत्रू असतो, त्याची गोळी असते. पाण्यात, आगीत, धुरात एखादा जवान दुसऱ्याला वाचवताना जातो तेव्हा समोर कुणीच नसतं. मग ते पाणी, ती आग, तो धूर तिथे कसा आला, हे विचारणं आपल्यावर येतं. आपण ते विचारत नाही. पदक जाहीर होतं, गावात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होतात, ‘अमर रहे’च्या घोषणा होतात, चौकात फलक लागतो. शौर्याची गाथा एवढी उजळ असते की तिच्या प्रकाशात मागचं काही दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: शत्रू समोर नसताना एखाद्या सैनिकाला दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राण द्यावे लागले, तर ती वेळ का आली आणि त्यानंतर काय बदललं, हे देशाला सांगणं सरकारवर बंधनकारक असलं पाहिजे. पदकाइतकंच बंधनकारक.

मुंबईकरांना ‘सिंधुरत्न’ आठवत असेल. रशियन बनावटीच्या ‘किलो’ वर्गातली ही पाणबुडी १९८८ साली नौदलात आली. मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्ती होऊन ती बाहेर पडली होती आणि २६ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात तिच्या चाचण्या चालल्या होत्या. तिसऱ्या कक्षात धूर झाला. पाणबुडीतला धूर आणि घरातला धूर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. खिडकी नसते, दार उघडून बाहेर पळता येत नाही. एका कक्षातली आग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून तो कक्ष बंद करावा लागतो, नाहीतर सगळी पाणबुडी आणि तिच्यातली सगळी माणसं धोक्यात येतात. लेफ्टनंट कमांडर कपीश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार हे दोन अधिकारी त्या धुरात आग आटोक्यात आणण्यासाठी आणि खलाशांना बाहेर काढण्यासाठी झटत होते. खलाशी बाहेर आले. गुदमरलेल्या सात जणांना हेलिकॉप्टरने मुंबईत ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात हलवलं. कक्ष बंद झाला तेव्हा हे दोघे आत राहिले. पाणबुडी बंदराकडे आणल्यावर त्यांचे मृतदेह सापडले. पुढे दोघांनाही मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं.

अपघाताच्याच दिवशी तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला आणि सरकारने तो त्याच दिवशी स्वीकारला. आपल्या सेनादलांच्या इतिहासात असं दुसरं उदाहरण नाही. जोशींबद्दल मला आदर आहे. तरीही त्या राजीनाम्याचा एक परिणाम झाला, तो नोंदवायला हवा. चर्चा तिथेच संपली. राजीनामा संरक्षणमंत्र्यांनी द्यायला हवा होता की नौदलप्रमुखांनी, यावर वाहिन्यांनी आठवडाभर वाद घातले. मुवाल आणि मनोरंजन कुमार यांना त्या कक्षात नेमकं कशाने गाठलं, हे सर्वसामान्य नागरिकाला विस्ताराने कधीच कळलं नाही. खरं तर सहा महिन्यांपूर्वीच, १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री, मुंबईच्या त्याच गोदीत ‘सिंधुरक्षक’ ही दुसरी पाणबुडी स्फोटांनी फुटून बुडाली होती आणि १८ जण मृत्युमुखी पडले होते. म्हणजे धोक्याची घंटा आधीच वाजलेली होती, तीही याच शहरात.

पुढे २०१७ साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. त्यानुसार २००७-०८ ते २०१५-१६ या काळात नौदलाच्या जहाजांचे आणि पाणबुड्यांचे ३८ अपघात झाले आणि त्यांत ३३ जीव गेले. त्याहून अस्वस्थ करणारी नोंद वेगळीच होती. स्थापनेपासून नौदलाकडे सुरक्षिततेचे प्रश्न हाताळणारी संस्थात्मक चौकटच नव्हती. अशी स्वतंत्र संघटना नौदलाने २०१४ मध्ये उभी केली, पण अहवाल लिहिला गेला तेव्हा ती सरकारी मंजुरीची वाट पाहत होती. दोन पाणबुड्यांवरची २० माणसं गेली तरी सुरक्षिततेचं काम पाहणाऱ्या कार्यालयाला तोवर मंजुरीचा शिक्का मिळाला नव्हता. याला मी दिरंगाई म्हणणार नाही, कारण दिरंगाई म्हटलं की ती अंगवळणी पडते. हा त्या दोन अधिकाऱ्यांच्या बलिदानाचा अनादर होता. पदक देऊन तो भरून निघत नाही.

आता सियाचेनकडे या. कॅप्टन अंशुमान सिंह पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ‘एएफएमसी’त शिकलेले डॉक्टर. २०२३ च्या जुलैत ते सियाचेनमध्ये वैद्यकीय अधिकारी होते. १९ जुलैच्या पहाटे दारूगोळ्याच्या साठ्याला आग लागली. शेजारच्या फायबरग्लासच्या खोपटात जवान अडकले होते. अंशुमान यांनी चार-पाच जणांना बाहेर काढलं. तेवढ्यात आग वैद्यकीय कक्षाकडे सरकली. आत औषधांची पेटी होती. त्या उंचीवर जवळपास कुठे दवाखाना नसतो आणि हवामान बिघडलं तर हेलिकॉप्टर येत नाही. ती पेटी म्हणजे त्या ठाण्यावरच्या प्रत्येकाचा उद्याचा श्वास, हे डॉक्टरइतकं कुणाला कळणार? ते आत गेले आणि परतले नाहीत. वय होतं २६.

५ जुलै २०२४ रोजी राष्ट्रपती भवनात त्यांच्या पत्नीने आणि आईने कीर्तिचक्र स्वीकारलं. त्यानंतर देशाने काय चर्चा केली? सून सासरी राहिली की माहेरी गेली, पदक कुणाच्या घरात ठेवलंय, सरकारी मदतीत कुणाचा वाटा किती. त्या तरुण विधवेबद्दल समाजमाध्यमांवर इतकं गलिच्छ लिहिलं गेलं की राष्ट्रीय महिला आयोगाला दखल घ्यावी लागली. सैनिकाचे वारस कोण, पालकांना काय मिळावं, हे प्रश्न खरे आहेत. त्यांवर नीट, शांतपणे बोलायला हवं. पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न मला कुठेच ऐकू आला नाही. दारूगोळ्याला आग लागली तर शेजारच्या निवाऱ्याला तिची झळ बसणार नाही, इतकं अंतर होतं का? आग विझवायची साधनं हाताशी होती का? त्या घटनेनंतर सियाचेनच्या ठाण्यांवर एखादी गोष्ट तरी बदलली का? एका सुनेच्या चारित्र्याची चौकशी करायला आपल्याकडे वेळ होता. आगीची चौकशी आपण विसरून गेलो.

आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की चौकशी झालेली असते. सैन्यात कर्तव्यावर असा मृत्यू झाला की चौकशी मंडळ बसतं. साक्षी होतात, नकाशे काढले जातात, कारणं नोंदवली जातात. मृत्यू सेवेमुळे झाला की नाही, तो कोणत्या वर्गात मोडतो, हे ठरल्याशिवाय कुटुंबाचं निवृत्तिवेतन आणि सानुग्रह रक्कम ठरत नाही. २०१६ पासूनच्या दरांनुसार कर्तव्यावरच्या अपघाती मृत्यूला २५ लाख, ठरावीक अतिउंच ठाण्यांवर हवामानाच्या माऱ्याने आलेल्या मृत्यूला ३५ लाख, युद्धात शत्रूच्या कारवाईत आलेल्या मृत्यूला ४५ लाख. निवृत्तिवेतनाचंही तसंच आहे: युद्धातल्या मृत्यूला अखेरच्या पगाराइतकं, अपघाताला त्याच्या ६० टक्के. अग्निवीर असेल तर विमा आणि ठोक रक्कम मिळते, पण कुटुंबाला निवृत्तिवेतन नाही. सिक्कीमच्या ओढ्यावर भूमिका बदलल्या असत्या, अधिकारी घसरला असता आणि अग्निवीराने उडी घेतली असती, तर शौर्य तेच राहिलं असतं आणि घरी दर महिन्याला येणारा पैसा शून्य झाला असता. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण ओलांडून पुढे जाववत नाही.

मुद्दा हा की सरकारला कारण माहीत असतं. ते कागदावर असतं. पैशाचा वर्ग ठरवण्यापुरतं ते वापरलं जातं आणि मग फाईल बंद होते. ज्या आईबापांनी मुलगा दिला त्यांनाही कित्येकदा पूर्ण अहवाल वाचायला मिळत नाही. मानपत्रातल्या दहा-बारा ओळींवर त्यांनी समाधान मानायचं असतं. त्या ओळींत मुलगा किती शूर होता ते असतं. ते त्यांना आधीच ठाऊक असतं.

यावर पहिलं उत्तर येतं ते गोपनीयतेचं. सीमेवरच्या ठाण्यांची माहिती शत्रूला मिळेल, असं सांगतात. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ठाणं कुठे आहे, तिथे किती माणसं आहेत, काय साठा आहे, हे कुणीही मागू नये. पण महालेखापरीक्षकांचा आणखी एक अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत ठेवला गेला. सियाचेन, लडाख, डोकलामसारख्या ठिकाणच्या जवानांचे बूट, गॉगल, कपडे, शिधा यांच्या तुटवड्याबद्दल त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बर्फातल्या गॉगलचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के होता, बहुउपयोगी बूट कित्येक महिने खरेदीच झाले नव्हते. हे सगळं छापून आलं, वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर घेतलं आणि देशाची सुरक्षा कोसळली नाही. गॉगल किती कमी पडतात हे सांगता येतं, तर आग कशामुळे लागली आणि आता कोणती काळजी घेतली जाते हे सांगता न येण्याचं कारण काय?

ब्रिटनचं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. २ सप्टेंबर २००६ रोजी अफगाणिस्तानात कंदाहारजवळ त्यांचं ‘निमरॉड’ हे टेहळणी विमान हवेत इंधन भरल्यानंतर पेटलं आणि १४ जण ठार झाले. युद्धक्षेत्र होतं, शत्रूच्या माथी मारून मोकळं होणं सोपं होतं. तसं केलं गेलं नाही. चौकशी मंडळाचा अहवाल जाहीर झाला. मृतांच्या नातेवाइकांसमोर उघड न्यायिक तपासणी झाली. मग सरकारने चार्ल्स हॅडन-केव्ह या वकिलाकडे स्वतंत्र पुनर्विलोकन सोपवलं. २००९ च्या त्याच्या अहवालात इंधननळ्यांची रचना, सुरक्षिततेचा कागदोपत्री उरकलेला आढावा, पैसे वाचवण्याच्या दडपणापुढे मागे पडलेली काळजी हे सगळं मांडलेलं आहे. जबाबदार अधिकाऱ्यांची आणि कंपन्यांची नावंही आहेत. पुढच्याच वर्षी लष्करी विमानांच्या सुरक्षिततेसाठी तिथे स्वतंत्र प्राधिकरण उभं राहिलं. ते राष्ट्र आपल्या सैनिकांवर आपल्याहून अधिक प्रेम करतं असं मी मुळीच म्हणणार नाही. मात्र तिथल्या नातेवाइकांना ‘तुमचा मुलगा शूर होता’ एवढ्यावर परत पाठवता आलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. अशा वेळी चुका शोधत बसलं तर बलिदानाला काळिमा लागतो, कुटुंबाची जखम पुन्हा उघडते, असं म्हणतात. मला हे पटत नाही. कॅप्टन अंशुमान आगीत शिरले ते माणसं जगावीत म्हणून. तशीच आग दुसऱ्या ठाण्यावर लागू नये यासाठी केलेलं काम त्यांच्याच कामाचा पुढचा भाग आहे. त्यांनी चौघा-पाचांना वाचवलं; चौकशीतून निघालेली एखादी सुधारणा आणखी कितीतरी जणांना वाचवेल. शूराचं नाव पुढे करून शूराच्या सहकाऱ्यांना त्याच धोक्यात ठेवणं, हा खरा काळिमा आहे.

आणि प्रत्येक वेळी कुणी तरी दोषी सापडलाच पाहिजे, असा हट्टही नको. सिक्कीममधल्या त्या ओढ्यावर कदाचित कुणाचीच चूक नसेल. तो भाग कसा आहे हे ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसलं. दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचं सरोवर फुटलं, तीस्तेच्या पुराने चुंगथांगचं धरण वाहून नेलं, पूल आणि रस्ते नाहीसे झाले, लष्कराचे जवानही त्यात गेले. अशा मुलखात गस्तीला जायचं तर कधी ओंडक्यांवरूनच जावं लागणार, हे मान्य. मग चौकशीत तेच लिहा. कमरेला दोर बांधून ओढा ओलांडायची पद्धत तिथे आहे का, जीवरक्षक जॅकेटं तुकडीबरोबर देता येतील का, पूल पक्का करणं शक्य आहे का, याची उत्तरं ‘नाही’ अशी आली तरी ती प्रामाणिक उत्तरं असतील. निसर्गापुढे हात टेकावे लागले, हे ऐकून आईबाप समजून घेतात. काहीच न सांगणं त्यांना छळत राहतं.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण पडले आणि ब्रिटिशांनी तिथे स्मृतिशिळा उभारली. आजही घराघरांतून मुलं भरतीला जातात. अशी गावं सातारा, सांगली, कोल्हापुरात कितीतरी आहेत. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनच्या सोनम ठाण्यावर हिमकडा कोसळून जे दहा जवान गेले, त्यांत एक सातारा जिल्ह्यातला होता. २०२३ च्या ऑक्टोबरात सियाचेनमध्येच कर्तव्यावर गेलेला तरुण अग्निवीर बुलढाण्याचा. ही गावं कधीही विचारत नाहीत की मुलाला युद्धावर का पाठवलं. तो सौदा त्यांना मान्य आहे, पिढ्यान्‌पिढ्या मान्य आहे. पण शत्रूच्या गोळीसाठी मन घट्ट केलेल्या आईला शॉर्टसर्किटसाठीही मन घट्ट करायला सांगणं अन्यायाचं आहे.

म्हणून मागणी अगदी साधी आणि करता येण्यासारखी आहे. शत्रू किंवा अतिरेकी समोर नसताना दिलेलं प्रत्येक मरणोत्तर शौर्यपदक जाहीर झाल्यापासून वर्षभरात संरक्षण मंत्रालयाने दोन-तीन पानांचं निवेदन प्रसिद्ध करावं. काय घडलं, का घडलं, काय बदललं. ठिकाणांची नावं आणि तांत्रिक तपशील हवे तर गाळावेत. पूर्ण अहवाल संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे जावा आणि निवेदन छापण्याआधी ते कुटुंबाला, त्यांना कळेल अशा भाषेत, एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याने समोर बसून वाचून दाखवावं. यासाठी नवा कायदा लागत नाही, मंत्रालयाचा एक आदेश पुरतो. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ खासदार जातात. त्यांच्यापैकी एकाने जरी येत्या अधिवेशनात लेखी प्रश्न टाकला की जुलै २०२३ च्या आगीनंतर सियाचेनमधल्या निवाऱ्यांत आणि दारूगोळ्याच्या साठवणुकीत कोणते बदल झाले, तर मंत्रालयाला त्याचं उत्तर द्यावं लागेल. आपापल्या खासदाराला हा प्रश्न पाठवायला आपल्याला कुणीही अडवलेलं नाही.